अंगात ताप नाही म्हणून थांबू नका

"आंगांत जोर ना गो, कित्याक भियेता?"

सासूबाई असं म्हणाल्या तेव्हा माझी नात दहा दिवसांची होती. जोर म्हणजे ताप, कित्याक भियेता म्हणजे कशाला घाबरतेस, गोव्याबाहेरच्या मंडळींसाठी सांगते. पहाटे पाचपासून बाळ दूध ओढत नव्हतं. लेकीनं अंगावर घेतलं की दोन-तीनदा तोंड हलवायचं आणि सोडून द्यायचं. ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळून मानेच्या वळीत जाऊन बसायचं. मी तिचा तळपाय मुठीत धरला. बाहेर आषाढातला पाऊस कोसळत होता, खोली बंद आणि दमट होती, बाळ दुपट्यात गुंडाळलेलं होतं, आणि तरी तो तळपाय विहिरीच्या पाण्यातून काढल्यासारखा गार होता. काखेत थर्मामीटर लावला. 96.2. ताप नव्हताच. सासूबाई अगदी बरोबर बोलत होत्या.

आणि म्हणून मी थांबले. दोन तास. बावीस वर्षं उच्च माध्यमिकला जीवशास्त्र शिकवणारी बाई, पांढऱ्या पेशींची चित्रं फळ्यावर शेकडो वेळा काढलेली, ती "बघूया, थोड्या वेळानं पिईल" म्हणत दोन तास बसून राहिली. ते दोन तास आजही मनातून जात नाहीत. हे सगळं लिहायला बसले ते त्यामुळेच.

डिचोलीहून बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात पोचलो. रक्त तपासलं, पाठीच्या मणक्यातलं पाणी काढलं. पांढऱ्या पेशी 3,800. मोठ्या माणसाला जंतूंची लागण झाली की हा आकडा बहुधा चढतो, म्हणून मी आधी सुटकेचा श्वासच सोडला. डॉक्टर म्हणाल्या, "नाही हो, इतक्या लहान बाळात आकडा उतरला की आम्हाला जास्त भीती वाटते." पुढे कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघतात त्या तपासणीत, ई. कोलाय आला. तुमच्या-माझ्या आतड्यात मुकाट्यानं राहणारा जंतू, तिच्या रक्तात शिरला होता.

आकडा उतरतो कसा, ते तिथल्या बाकावर बसून समजून घेतलं. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतूंवर पहिल्यांदा धावून जातात. मोठ्या माणसाच्या हाडांच्या मज्जेत त्यांचा भरपूर राखीव साठा असतो. लागण झाली की तो रक्तात उतरतो आणि आकडा वाढतो. नवजात बाळाचा साठा अगदी तुटपुंजा, जंतू जोरात असले तर लवकर संपतो. ज्या पेशी असतात त्याही जंतूंच्या जागी सावकाश पोचतात. मोठ्यांच्या न्यूट्रोफिल पेशी वेळ पडली तर स्वतःचा डीएनए बाहेर टाकून त्याच्या जाळ्यात जंतू अडकवतात, बाळाच्या पेशींना ते नीटसं जमत नाही. जंतूंना भोकं पाडणारी कॉम्प्लिमेंट प्रथिनंही बाळाच्या रक्तात बरीच कमी. बाळाला ताप येतो कधी कधी, पण पुष्कळदा तो येतच नाही, अंग गार पडत जातं. काखेत 97.7 च्या खाली उतरलं की ते बाळाच्या दृष्टीनं कमीच.

आपण मात्र बाळाला मोठ्यांच्याच मापानं मोजतो. ताप नाही, म्हणजे आजार नाही. रडत नाही, म्हणजे शहाणं बाळ.

"बाळाची प्रतिकारशक्ती अजून कच्ची असते" हे वाक्य मीही वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले. आता ते मला अपुरं वाटतं. पोटात असताना बाळाला आईच्या शरीराशी भांडायचं नसतं, नऊ महिने तेच धोरण. मग जन्म झाल्यावर काही तासांत असंख्य जंतू अंगावर आणि आतड्यात वस्तीला येतात. त्यातले बहुतेक जन्मभराचे सोबती. मोठ्यांसारखी तडफदार प्रतिकारशक्ती तेव्हा असती तर तिनं आतड्यातच आग लावली असती.

यावर 2013 साली उंदरांवर झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. नवजात पिल्लांना मोठ्या उंदरांच्या प्रतिकारपेशी दिल्या, तरी पिल्लं लिस्टेरिया या जंतूपासून वाचली नाहीत. उलट पिल्लांच्या पेशी मोठ्या उंदरांत घातल्या तेव्हा त्या नीट काम करू लागल्या. म्हणजे पेशींना येत होतं सगळं, पिल्लाच्या शरीरातच त्यांना कोणीतरी आवरून धरत होतं. ते आवरणारे निघाले अर्धवट वाढलेल्या लाल रक्तपेशी, नवजात शरीरात त्या भरपूर असतात. त्या काढून टाकल्या तेव्हा पिल्लांची लिस्टेरियाशी झुंज सुधारली, पण आतड्यात नव्यानं वस्तीला येणाऱ्या साध्या जंतूंपायी तिथं दाह सुरू झाला. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. शरीर जाणूनबुजून एक धोका पत्करतं, कारण दुसरा त्याहून मोठा आहे. आणि त्या पत्करलेल्या धोक्यावर लक्ष ठेवायचं काम घरच्यांवर येऊन पडतं.

आईही आपल्या परीनं भर घालते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तिची आयजीजी प्रतिद्रव्यं वारेतून बाळाकडे जातात, पूर्ण दिवसांच्या बाळाकडे ती आईइतकीच किंवा थोडी जास्तही असतात. आठव्या महिन्यातच जन्मलेल्या बाळाला हा वाटा पुरता मिळत नाही. पण आयजीएम ही प्रतिद्रव्यं आकारानं मोठी, ती वार ओलांडत नाहीत, आणि ई. कोलायच्या जातीच्या जंतूंवर त्यांचाच मोठा भर असतो. हीच फट. मग चीक येतो, पहिल्या दोन-तीन दिवसांचं पिवळसर घट्ट दूध, आयजीए या प्रतिद्रव्यांनी ठासून भरलेलं, आतड्याच्या अस्तरावर राखण करणारं. अजूनही काही घरांत "जड पडतो" म्हणून चीक पिळून टाकतात. कृपा करून टाकू नका.

आणि मध चाटवू नका. आमच्याकडे सटीच्या आधीच बोटावर मध तयार होता. मधात बॉट्युलिझमच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात आधीच्या जंतूंची इतकी दाटी असते की त्यांना तिथं रुजायला जागा मिळत नाही. बाळाच्या आतड्यात ती दाटी अजून झालेली नसते. बीजाणू रुजतात, विष तयार करतात, स्नायू ढिले पडतात. वर्षाच्या आत मध नाहीच. "आम्ही सगळे मध चाटूनच वाढलो" हे मी ऐकलंय, पण ज्या बाळांचा त्यानं जीव घेतला ती हे सांगायला बसलेली नसतात.

लसी मात्र याच फरकाचा अभ्यास करून बनलेल्या आहेत. न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकससारख्या जंतूंवर साखरेचं कवच असतं, दोन वर्षांखालचं मूल नुसत्या साखरेविरुद्ध धड प्रतिद्रव्यं करू शकत नाही. म्हणून ती साखर प्रथिनाला जोडून लस केली. दीड महिन्याची तारीख चुकवू नका.

सटीच्या रात्री आमच्याकडे तीसेक माणसं आली होती. माझ्या नातीला लागण त्यांच्यामुळे झाली असं मी म्हणत नाही, ते कळायला मार्ग नाही. पण प्रत्येकानं गालाला हात लावला, एकानंही आधी हात धुतले नाहीत आणि मीही कुणाला अडवलं नाही, भीड पडली. जुन्या बायकांनी बाळंतिणीची खोली वेगळी ठेवली, सोयर पाळलं, येणंजाणं आखडतं घेतलं. कारण त्यांनी विटाळाचं सांगितलं, ते मला पटत नाही. पण दहा दिवस बाळाला मोजकेच हात लागायचे, हे फार चांगलं होतं. आपण विटाळ सोडला, बरं केलं. बंद खोलीतला धूर सोडला, तेही बरंच. हात मोजकेच ठेवणं सोडायचं कारण नव्हतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हे आधीच दाखवून दिलंय. त्यांनी गावातल्या बायकांनाच शिकवलं: बाळ चोखतं का, गार पडलंय का, रडणं क्षीण झालंय का, श्वास मिनिटाला साठच्या वर जातोय का. लागण वाटली तर घरीच इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. 1999 साली त्यांचे आकडे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले: त्या गावांत नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. आज आशाताई घरी येऊन बाळ बघतात ते त्याच वाटेनं. आमच्याकडे त्या तिसऱ्या दिवशी आल्या होत्या आणि चोखण्याबद्दल सगळं सांगून गेल्या होत्या. मी चहा ठेवायला आत गेले होते.

चौदा दिवस शिरेतून अँटिबायोटिक चाललं. अकराव्या दिवशी तिनं पहिल्यांदा सलग दहा मिनिटं दूध ओढलं. लेक हुंदके देत होती आणि बाळाला हलू देत नव्हती.

परवा शेजारी नवी बाळंतीण घरी आली. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या, काठी टेकत गेल्या, उंबऱ्याशीच थांबल्या. आत न जाता त्यांनी विचारलं, "दूद पियेता मू गो?"