पट कमी, रस्ता लांब

आमच्या दहावीच्या ग्रुपवर हा वाद अधूनमधून पेटतोच. कमी पटाच्या शाळा चालू ठेवायच्या की समूह शाळा करायच्या? वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत नेऊन बसवायचं शासनानं 2023 मध्ये काढलं, तोरणमाळ आणि पानशेत इथल्या समूह शाळांचे दाखले दिले, तेव्हापासून तर विषय थंडच होत नाही. मग कुणीतरी हमखास मला मध्ये ओढतं. "तुमच्या अमेरिकेत अख्ख्या काउंटीला, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाला, दोन हायस्कुलं असतात. पिवळी बस येते, पोरं जातात. आपल्याकडंच वाडीवाडीला शाळा कशाला?"

मी राहते वेस्ट व्हर्जिनियाच्या दक्षिण टोकाला. नवरा डॉक्टर. व्हिसाच्या अटीप्रमाणं जिथं डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात काही वर्षं काढायची होती. अट संपली, आम्ही राहिलो. जवळची मॅकडॉवेल काउंटी ग्रुपवाल्यांच्या अगदी कामाची आहे. कोळशाच्या खाणी जोरात होत्या तेव्हा, 1950 मध्ये, तिथं जवळपास एक लाख वस्ती होती. 2020 च्या जनगणनेत उरली 19,111. सरकारी हायस्कुलं आता खरोखरच दोन: वेल्चचं माउंट व्ह्यू आणि ब्रॅडशॉचं रिव्हर व्ह्यू. रिव्हर व्ह्यू 2010 मध्ये सुरू झालं, दोन जुनी हायस्कुलं बंद करून. त्यातलं एक बिग क्रीक. पुढं नासात अभियंता झालेला होमर हिकम तिथलाच विद्यार्थी.

इकडं घर बघायला निघालेला माणूस आधी वेबसाइटवर शाळेला दहापैकी किती गुण आहेत ते बघतो. आपले लोक तर जास्तच. पण वेस्ट व्हर्जिनियात 55 काउंट्या आणि प्रत्येक काउंटीचं एकच निवडून आलेलं शिक्षण मंडळ. म्हणजे एका काउंटीतल्या दोन्ही हायस्कुलांना तोच घरपट्टीचा पैसा, तीच वेतनश्रेणी, तोच वरचा साहेब. मग गुणांतला फरक बराचसा मुलांच्या घरची परिस्थिती सांगतो, शाळेबद्दल थोडंच. मला कुणी विचारलं तर मी दोनच गोष्टी बघायला सांगते: गणिताला कायमचा शिक्षक आहे की वर्षभर तात्पुरत्या शिक्षकांवर भागवतायत, आणि तुमचं पोर बसमध्ये किती वेळ बसणार आहे.

बसच्या वेळेबद्दल इथं राज्याच्या मार्गदर्शक मर्यादा आहेत. एका बाजूचा प्रवास प्राथमिकच्या मुलांना अर्धा तास, माध्यमिकच्या खालच्या वर्गांना पाऊण तास, हायस्कूलला एक तास. मर्यादा कागदावर. डोंगरातले रस्ते कागद वाचत नाहीत. 1990 नंतरच्या दहाबारा वर्षांत या राज्यानं तीनशेच्या वर शाळा बंद केल्या, खर्च वाचेल म्हणून. नव्या इमारतींवर आणि बसगाड्यांवर इतका पैसा गेला की बचत कुठं झाली हा प्रश्न इथल्या वर्तमानपत्रांनीच लावून धरला होता.

शिक्षकांचं तर विचारूच नका. मॅकडॉवेलच्या शाळा 2001 ते 2013 राज्यानं आपल्या ताब्यात घेतल्या होत्या. त्याच काळात, 2011 मध्ये, शिक्षकांची देशव्यापी संघटना मदतीला आली, तेव्हा एक अडचण अशी निघाली की बाहेरून आलेल्या शिक्षकाला राहायला धड भाड्याचं घर नाही. शेवटी वेल्चमध्ये शिक्षकांना राहता येईल अशी इमारत बांधायला घेतली. हे वाचताना मला आपला, शिक्षकानं मुख्यालयी म्हणजे नेमणुकीच्या गावीच राहण्याचा वाद आठवला. आपण गुरुजींकडून ग्रामसभेचा ठराव मागतो आणि घरभाडं कापायची धमकी देतो. गावात भाड्यानं देण्याजोगी खोली आहे का, हे कुणी विचारत नाही.

एक गोष्ट मात्र इथली घेण्यासारखी आहे. शाळा बंद करायची तर कारणं आणि आकडे आधी लेखी मांडावे लागतात आणि त्याच शाळेत जाहीर सुनावणी घ्यावी लागते. अशा एका सुनावणीला मी जाऊन बसले होते. जेवणाच्या हॉलमधली बुटकी बाकं, समोर मंडळाचे सदस्य, प्रत्येकाला बोलायला मोजकी मिनिटं. एक बस ड्रायव्हर उठला आणि त्यानं आपल्या फेरीचा प्रत्येक थांबा वेळेसकट म्हणून दाखवला. पहिलं पोर चढतं तेव्हा अजून अंधार असतो, हे त्यानं दोनदा सांगितलं. पुढं बसलेले लिहून घेत होते. शाळा बंद व्हायची ती झालीच, पण कुठल्या मुलाला किती मिनिटं जास्त लागणार हे दप्तरात नोंदलं गेलं.

आपल्याकडं परिपत्रक येतं, केंद्रप्रमुख माहिती मागवतात, पालकांना कळतं ते पेपरातून. माझा मावसभाऊ घाटमाथ्यावरच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. त्याचं म्हणणं सरळ आहे: "ताई, चार पोरांत कबड्डी होत नाही, हे मलाही दिसतंय. पण एसटी फाट्यापर्यंत येते. फाट्यापासून वाडी वर आहे, मध्ये ओढा आहे. जुलैत पहिलीतलं पोर कोण आणणार?" शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीला एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीला तीन किलोमीटर हे अंतर उगाच घातलेलं नाही.

म्हणून माझं मत ग्रुपला आवडत नाही, दोन्ही बाजूंना. हायस्कूल मोठं असू दे. प्रयोगशाळा, विज्ञानाचा वेगळा शिक्षक, खेळायला संघ या गोष्टी तीस मुलांत जमत नाहीत. आठवीनवीच्या मुलीला मानव विकास योजनेची, मुलींना शाळेत नेणारी निळी बस दारापर्यंत नाही तरी गावापर्यंत आली, तर ती जाते. हे आपल्याकडं दिसलेलं आहे. पण सहा वर्षांच्या मुलाला तोच न्याय लावायचा नाही. इथं पिवळी बस शाळेच्या बजेटातली असते, ड्रायव्हर शाळेचा नोकर असतो, आणि तरीही लोक भांडतात. आपण वाहतूक भत्ता देऊ म्हणतो आणि गाडी शोधायचं काम पालकावर सोडतो. वाडीत एकच जीप असते, तिचा मालक लग्नसराईत शाळेची फेरी सोडून देतो.

परवा पुन्हा कुणीतरी पिवळ्या बसचा फोटो टाकला. मी एवढंच विचारलं, की समूह शाळेच्या प्रस्तावात गाडीचं डिझेल कुणाच्या खात्यावर दाखवलंय? अजून उत्तर आलेलं नाही. मावसभावानंही त्याच्या केंद्रात तोच प्रश्न लेखी विचारून ठेवलाय.