पोर्ट २५ उघडलं की झाला मेल सर्व्हर?

घरी पडून असलेल्या संगणकावर स्वतःचा मेल सर्व्हर उभारायची एक कृती सध्या जिकडेतिकडे फिरते आहे. थोडक्यात अशी: लिनक्सवर पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा प्रोग्राम) टाका, राउटरवर पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार) उघडा, डोमेनला एसपीएफची नोंद (या डोमेनचा मेल कोणकोण पाठवू शकतं, ती यादी) जोडा. मेल अडला तर ‘मायनेटवर्क्स’ (कोणाचा मेल न विचारता पुढे पाठवायचा, ती सेटिंग) सगळ्यांना खुलं करा, आणि तरीही जमलं नाही तर पोस्टफिक्स काढून पुन्हा टाका. पोस्टफिक्स निवडलं ते ठीकच. बाकीचं एकेक बघू.

राउटरवर पोर्ट २५ उघडतो ते बाहेरून येणाऱ्या मेलसाठी. मेल पाठवताना तुमचा सर्व्हर समोरच्याच्या पोर्ट २५ ला जोडणी करतो, आणि घरगुती ब्रॉडबँडवर ही वाट बरेच इंटरनेटवाले स्पॅमच्या भीतीने मुळातच बंद ठेवतात. मग मेल लॉगमध्ये ‘डिफर्ड’ (लांबणीवर) आणि ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ दिसत राहतं. अशा वेळी पोस्टफिक्स पुन्हा टाकणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. त्याऐवजी त्याच संगणकावरून जीमेलच्या एमएक्स सर्व्हरला, म्हणजे मेल स्वीकारणाऱ्या सर्व्हरला, पोर्ट २५ वर टेलनेट करा (टेलनेट म्हणजे जोडणी तपासायची साधी कमांड). २२० ने सुरू होणारी ओळ आली तर वाट मोकळी. कर्सर नुसताच लुकलुकत बसला, तर दोष बहुधा तुमच्या सेटिंगमध्ये नाहीच.

येणाऱ्या मेलचीही हमी नाही. राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांमधला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला. तिथे पोर्ट उघडून काहीच होत नाही, स्टॅटिक (न बदलणारा) आयपी विकत घ्यावा लागतो.

एसपीएफ हवंच, पण तेवढ्याने भागत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) लागतं, शिवाय आयपीची पीटीआर नोंद, म्हणजे रिव्हर्स डीएनएस, जुळावी लागते. ही नोंद तुमच्या डोमेनच्या पॅनेलमध्ये शोधू नका. आयपी ज्याचा, पीटीआर त्याच्या हातात. त्यात स्पॅमविरोधी संस्था स्पॅमहाउसच्या पीबीएल यादीत (थेट मेल पाठवू नये अशा पत्त्यांच्या) घरगुती, बदलते आयपी सरसकट असतात. तुम्ही एकही स्पॅम पाठवलेला नसला तरी. एक छुपा घोळ आयपीव्ही६ चा, म्हणजे नव्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्याचा. पोस्टफिक्स त्या पत्त्यावरून मेल सोडतं, त्याला पीटीआर नसते आणि जीमेल ५५० (कायमचा नकार) देऊन परत पाठवतं. ‘आयनेट प्रोटोकॉल्स’ ही सेटिंग फक्त आयपीव्ही४ वर ठेवून पोस्टफिक्स रीस्टार्ट केलं की निदान हे कारण बाद होतं.

सगळ्यात घातक सल्ला मायनेटवर्क्सचा. ‘रिले ॲक्सेस डिनाइड’ हा बिघाड नव्हे, पहारेकरी जागा असल्याची खूण आहे. मायनेटवर्क्समध्ये ०.०.०.०/० (म्हणजे सगळं जग) टाकलं की सर्व्हर ओपन रिले, म्हणजे कोणाचाही मेल पुढे ढकलणारा, होतो आणि जगभरचे स्पॅमवाले तुमच्या खांद्यावरून बंदूक चालवतात. येणाऱ्या मेललाच हा संदेश मिळत असेल तर तुमचं डोमेन ‘मायडेस्टिनेशन’मध्ये (आपल्याकडेच ठेवायच्या मेलच्या डोमेनांची यादी) आहे का बघा, बहुतेकदा तेवढंच राहिलेलं असतं. बाहेर असताना फोनवरून पाठवताना मिळत असेल, तर पोर्ट ५८७ वर पासवर्डसह सबमिशन (ओळख पटवून मेल सोडायची सोय) सुरू करा.

आणि ४५० किंवा ४५१ (तात्पुरता नकार) दिसलं तर काहीच करू नका. ती बहुधा ग्रेलिस्टिंग असते, म्हणजे अनोळखी सर्व्हरला आधी थोडं थांबवून बघणं. पोस्टफिक्स आपणहून पुन्हा प्रयत्न करतं, मूळ सेटिंगनुसार पाच दिवसांपर्यंत.

म्हणून घरून मेल सर्व्हर चालवूच नये असं नाही. स्टॅटिक आयपी असेल तर मेल घरीच घ्या. पाठवायला मात्र पोस्टफिक्सच्या ‘रिलेहोस्ट’ सेटिंगमध्ये एखादी रिले सेवा (तुमचा मेल पुढे पोचवणारी) पोर्ट ५८७ वर लावा, बंद पोर्ट, पीटीआर आणि पीबीएल ही तिन्ही झंझटं तिच्या गळ्यात जातात. तेव्हा एसपीएफमध्ये त्या सेवेचं नाव जोडायला विसरू नका, नाहीतर तुमचीच नोंद तुमच्या मेलविरुद्ध साक्ष देईल.