प्रतिक्रियेला उत्तर : आवाज समान केला म्हणून स्पीकर समान होत नाहीत

नमस्कार. सेलेस्टियन कंपनीच्या ग्रीनबॅक आणि व्हिंटेज ३० या गिटार ॲम्प्लिफायरच्या दोन स्पीकरांची तुलना करणाऱ्या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. 'बेळगावात बसून टोनवर व्याख्याने देणाऱ्यांनी आधी चांगल्या स्टुडिओत पाऊल टाकावे' हे त्यातले वाक्य आक्षेप म्हणून लिहिलेले नाही, दुखावण्यासाठी लिहिलेले आहे. म्हणून त्याचे उत्तर आधी देतो.

मी तरुणपणापासून बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या ऑर्केस्ट्रांत गिटार वाजवली आणि पुढे त्याच मंडळींचे ॲम्प्लिफायर दुरुस्तीला घेतले. खानापूरकडच्या पावसाळ्यात बंद खोलीत पडून राहिलेल्या स्पीकरच्या चुंबकाच्या फटीत गंज धरतो, आतली तारेची कॉइल घासू लागते आणि खर्जाच्या तारेवर बारीक खरखर येते. दोन्ही हातांची बोटे स्पीकरच्या कोनाच्या, म्हणजे समोरच्या कागदी शंकूच्या, कडेला सारख्या अंतरावर टेकवून तो हलकेच आतबाहेर केला, की ती घासण आधी बोटांना कळते, कानांना नंतर. हे शिक्षण मला कोणत्याही स्टुडिओने दिलेले नाही. ज्या सुळेभावीत १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले, ते गाव याच जिल्ह्यात आहे. ऐकण्याची परंपरा आम्हाला बाहेरून मागवावी लागत नाही.

आता आपला मुख्य मुद्दा. 'जो स्पीकर मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो, बाकी सगळा भ्रम,' असे आपण लिहिता. यातला पूर्वार्ध मला मान्य आहे. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ग्रीनबॅकची संवेदनक्षमता, म्हणजे ठरावीक शक्ती दिल्यावर निघणारा आवाज, ९८ डेसिबल आणि व्हिंटेज ३० ची १०० डेसिबल आहे. हे दोन डेसिबल भरून काढायचे तर ग्रीनबॅकला सुमारे दीडपटीहून थोडी अधिक शक्ती द्यावी लागते आणि तेवढा फरक कानाला नक्कीच फसवतो. म्हणूनच मी तुलनेसाठी केलेल्या दोन्ही ध्वनिमुद्रणांची पातळी नंतर समान केली होती आणि ते लेखातच नमूद आहे. आपण तो परिच्छेद वाचला असता, तर प्रतिक्रियेचा सूर कदाचित वेगळा असता.

'बाकी सगळा भ्रम' हा उत्तरार्ध मात्र चुकीचा आहे. पातळी समान केली तरी व्हिंटेज ३० मधला वरच्या मध्यभागाचा, म्हणजे मधल्यापेक्षा थोड्या उंच कंप्रतांचा, उठाव तसाच राहतो, आणि दोन ते पाच किलोहर्ट्झच्या ज्या भागात आपला कान सर्वांत तीक्ष्ण असतो, तिथेच तो येतो. त्यामुळे मीटरवर दोन्ही सारखे दिसले तरी एक पुढे येऊन बोलतो आणि दुसरा मागे राहतो. दुसरे असे, की ग्रीनबॅक २५ वॅटचा आहे आणि व्हिंटेज ३० साठ वॅटचा. ॲम्प्लिफायर जोरात चालवला की ग्रीनबॅकचा कोन लवकर ताणाखाली येतो, सुराचे टोक बोथट होते आणि त्या आवाजात एक दाटपणा येतो, जो हळू वाजवताना त्याच स्पीकरमध्ये मुळीच नसतो. हा गुण पातळीवरच अवलंबून आहे. तो नंतर संगणकावर आवाज कमी करून पुसता येत नाही आणि आवाज वाढवून आणताही येत नाही. आपण सांगता तशी एकाच, आणि तीही खालच्या, पातळीवर तुलना केली तर ग्रीनबॅक ज्यासाठी ओळखला जातो तेच ऐकू येणार नाही.

'उबदार' हा शब्द मी लेखात सैलपणे वापरला, एवढे आपले म्हणणे योग्य आहे. त्या जागी 'वरचा मध्यभाग कमी असलेला' असे लिहीन. नवा स्पीकर आणि वापरून सैलावलेला स्पीकर यांच्या आवाजातल्या फरकाबद्दल आपण जे लिहिले, ते माझ्या लेखाला लागूच पडत नाही, कारण दोन्ही स्पीकर वापरातले होते.

राहिली मायक्रोफोनच्या जागेची शंका. एसएम ५७ हा मायक्रोफोन कोनाच्या मधल्या टोपीसमोरून कडेकडे थोडा सरकवला तरी टोन स्पीकर बदलल्याइतका बदलतो, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच मी जमिनीवर खडूची खूण करून स्टँड तिथेच ठेवला होता आणि फक्त स्पीकर बदलले होते. दोन्ही मूळ ध्वनिमुद्रणे मी लेखाला जोडत आहे. कोणते कोणत्या स्पीकरचे हे त्यावर लिहिलेले नाही. आपल्या मते फरक केवळ आवाजाच्या पातळीचा असेल, तर ती समान करून ऐकावे आणि दोन्ही एकसारखी वाटली की तसे इथेच लिहावे.