पायजम्याचं तात्पर्य

आमच्या सोसायटीला 25 वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं आणि संपादक कोण, तर तिसऱ्या मजल्यावरच्या रिटायर्ड मराठीच्या बाई. त्यांनी ग्रुपवर फर्मान काढलं, आयुष्यातला एक खराखुरा प्रसंग लिहून द्या, 400 शब्द, शेवटी संदेश स्पष्ट हवा. 'स्पष्ट' बोल्डमध्ये.

म्हटलं सोप्पंय, 52 वर्षं जगलोय, एक प्रसंग नाही निघणार? रात्री जेवून बसलो. पहिला आठवला तो दहावीच्या गणिताचा, काठावर 35 मिळाले, पण त्यातून मी काही शिकलो म्हणावं तर पुढेही गणित तसंच राहिलं. दुसरा, रिक्षात पाकीट विसरलं आणि रिक्षावाल्याने घरी आणून दिलं, ह्यात संदेश आहे पण तो रिक्षावाल्याचा आहे, त्याने लिहावा ना. तिसरा लग्न जमल्याचा, तो बायकोने वाचला आणि म्हणाली संदेशाचं राहू दे, आधी तारीख नीट लिही.

मग काढला हुकमी एक्का. 26 जुलै 2005. मुंबईत चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाकडे हा असतोच. सांताक्रूझला 944 मिलीमीटर पाऊस पडला होता त्या दिवशी, आणि कुलाब्याला फक्त 73, तरी कुलाब्याशेजारच्या फोर्टात ऑफिस असलेले लोकसुद्धा गळ्यापर्यंत पाण्यातून आल्याचं सांगतात. मी खरंच होतो हो पाण्यात. कुर्ल्याहून निघालो, लोकल बंद, एलबीएस रोडवर कमरेएवढं पाणी, सगळे एकमेकांचे हात धरून चाललेले, एक चप्पल तिथेच गेली आणि दुसरी मी का कोण जाणे हातात धरून घाटकोपरपर्यंत आणली.

तिथे एका चाळीतल्या आजींनी आम्हा पाचसहा जणांना वर बोलावलं. चहा दिला, खिचडी दिली आणि मी कुडकुडतोय बघून कपाटातून एक पायजमा काढला. निळ्या पट्ट्यांचा, कडक इस्त्रीचा, डांबरगोळीचा वास येणारा, नाडीच्या टोकांना गाठी मारलेल्या म्हणजे आत जायला नको. "यांचा आहे, घाल. आता कुठे लागतोय त्यांना," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तोच घालून, वर ऑफिसचा शर्ट आणि पायात काही नाही, असा मी मुलुंडपर्यंत चालत आलो. वॉचमनने ओळखलं नाही.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. पायजमा परत द्यायचा होता. आधी धुवायचा होता. मग इस्त्री राहिली. मग वाटलं नुसता कसा द्यायचा, सोबत पेढे नेऊ, तर पेढे आणायचे राहिले. मग गणपती आले, दिवाळी आली, आणि वर्षानंतर कुठल्या तोंडाने जायचं? आता दर दिवाळीला बायको त्याने पंखे पुसते. कापड मात्र अजून मजबूत आहे हं, हल्ली असं मिळत नाही.

एवढं सगळं लिहून बाईंकडे दिलं. बाईंनी चष्मा वर केला.

"प्रसंग छान आहे हो. पण तात्पर्य कुठाय?"

"बाई, तेच तर सापडत नाहीये."

"अहो, मुंबईकरांची माणुसकी!"

"माणुसकी आजींची, बाई. मी तर पायजमा ढापला."

"मग ढापल्याचं काढून टाका."

शाळेत मुद्द्यांवरून गोष्ट लिहायची असायची ना, शीर्षकाला मार्क, तात्पर्याला मार्क, तेव्हापासून आपल्याला सवय आहे की कोल्हा आला की शेवटी तो काहीतरी शिकवूनच जाणार. माझ्या गोष्टीतला कोल्हा मीच, आणि मी 2005 पासून काहीच शिकलेलो नाही. पण बाईंशी वाद कोण घालणार, लाल पेन हातात होतं त्यांच्या. पंखे गेले, पेढे गेले, आणि खाली चौकटीत आलं, "संदेश: संकटातच माणूस कळतो."

स्मरणिका वाटली गेली. ग्रुपवर नमस्काराचे 31 इमोजी आले, दोघीतिघींनी डोळे पाणावल्याचं लिहिलं, मी थँक्यू थँक्यू करत हवेत.

संध्याकाळी ऑफिसातून आलो तर गेटवर वॉचमनकाका स्मरणिका मांडीवर घेऊन बसलेले. उठून हात मिळवला.

"साहेब, लेख झकास. वाचता वाचता भरून आलं."

"थँक्यू काका."

"मग तो पायजमा दिला का नेऊन?"

मी लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट बंद होती.