‘प्रिंटरमधून काढलेलं प्लास्टिक’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. आईंची वरची कवळी साधी भाकरी खाताना मधोमध तुटली, आम्ही ‘प्रिंटरमधून काढलेलं प्लास्टिक’ गळ्यात मारलं आणि वर जास्त पैसे लावले, असं लिहिलंय तुम्ही. आईंना जेवता येईना म्हटल्यावर राग येणारच. पण पैसे हीट क्युअरइतकेच, म्हणजे जुन्या पद्धतीच्या शिजवलेल्या कवळीइतकेच लावलेत, बिल काढून बघा.

आणि प्लास्टिक म्हणाल तर जुनी कवळीपण प्लास्टिकच होती की, अ‍ॅक्रिलिक. तिच्यात पावडर लिक्विड कालवून साच्यात दाबतात आणि गरम पाण्यात तासन्‌तास शिजवतात, प्रिंटमध्ये पातळ रेझिनचा एकेक थर लाईटने कडक होत जातो, मग धुवून परत लाईटच्या पेटीत ठेवायचं. वाकवून मोडायच्या टेस्टमध्ये प्रिंटवाली बहुतेक वेळा हीट क्युअरपेक्षा कमी भरते, हे मी माप घेतानाच बोललो होतो. आयएसओची, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकांची, अट त्या टेस्टमध्ये किमान 65 मेगापास्कल ताण सोसण्याची, आमचं रेझिन त्यात बसतं, पण पास होणं वेगळं आणि बरोबरी करणं वेगळं. खरी दणकट हवी तर मिलिंगची, दाबाखाली आधीच तयार केलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या चकतीतून कोरलेली, ती तुम्हाला महाग वाटली. प्रिंट घेतली ती आईंना कोथरूडहून रिक्षाच्या फेऱ्या नकोत म्हणून.

आता भाकरी. तुमच्याच फोटोत बघा, ओठाच्या आतल्या पट्टीसाठी पुढे जी खाच ठेवतो तिथून चीर निघून दोन दातांच्या मधून सरळ टाळूत गेलीय. ही एका घासाची चीर नाही. हिरड्या झिजतात, टाळूच्या मधलं हाड तसंच राहतं, मग कवळी त्यावर डुलते आणि दर घासाला जराशी वाकते, बारीक चीर वाढत वाढत एक दिवस तुटते, मग भाकरी असो नाहीतर वरणभात. हीट क्युअरवाल्यापण अशाच तुटून येतात आमच्याकडे, फक्त जरा जास्त दिवस तग धरतात. म्हणूनच चेकअपचे मेसेज टाकत होतो, ब्लू टिक आल्या, आई काही आल्या नाहीत.

कवळीची कॉम्प्युटरमधली प्रिंटची फाईल आहे आमच्याकडे, पण तीच परत प्रिंट करून फायदा नाही, फिटिंग बदललंय, नवीन माप घ्यावं लागेल आणि या वेळी हीट क्युअरच करू. तुकडे घेऊन या, ते जोडून तात्पुरती सोय होईल. फक्त घरी इन्स्टंट ग्लू लावू नका प्लीज, कडा नीट बसत नाहीत मग. दुपारी बंद असतं, चारनंतर या.