‘हिंडेनबर्ग’च्या लेपाविषयी खुलासा
‘हिंडेनबर्ग’ हे हायड्रोजन वायू भरून हवेत तरंगणारे जर्मन हवाई जहाज ६ मे १९३७ रोजी अमेरिकेतील लेकहर्स्ट येथे हायड्रोजनमुळे नव्हे, तर कापडी आवरणावरील ‘रॉकेट इंधनाच्या’ लेपामुळे जळाले, हा दावा चुकीचा आहे. लेपात ॲल्युमिनियमची भुकटी आणि वरच्या भागात आयर्न ऑक्साइड होते, हे खरे. परंतु रॉकेटच्या घन इंधनाला ऑक्सिजन पुरवणारा अमोनियम परक्लोरेटसारखा घटक त्यात नव्हता, आणि ॲल्युमिनियम व आयर्न ऑक्साइड हे एकमेकांत मिसळलेले नसून वेगवेगळ्या थरांत होते, त्यामुळे थर्माइटशी (याच दोन पदार्थांच्या, प्रचंड उष्णतेने जळणाऱ्या मिश्रणाशी) केली जाणारी तुलनाही टिकत नाही. असे कापड पेटते, पण सावकाश. सुमारे २४५ मीटर लांबीचे जहाज मिनिटभरातच भस्मसात होऊन ३६ जणांचा बळी गेला, तो आतील सुमारे २ लाख घनमीटर हायड्रोजनमुळे. पहिली ठिणगी कशी पडली, हा मात्र वेगळा आणि अद्याप वादाचा प्रश्न आहे.