अर्धविरामासकट

आमच्या घरी वर्तमानपत्र एक होते आणि त्याच्यावर डोळा ठेवून बसलेली माणसे सात होती. १७११ साली लंडनमध्ये जोसेफ अ‍ॅडिसनने आपल्या 'स्पेक्टेटर' या दैनिकाच्या एकेका प्रतीमागे वीस वाचक धरले होते आणि हा अंदाज माफकच आहे, असेही वर म्हटले होते. त्या हिशेबाने आमची चैनच म्हणायची. मात्र अ‍ॅडिसनच्या त्या वीस जणांत माझे आजोबा नव्हते.

मोतीबिंदूमुळे आजोबांना बारीक अक्षर दिसेनासे झाले, तेव्हा त्यांना रोजचा पेपर वाचून दाखवण्याची जबाबदारी घरातल्या पोरांपैकी कोणावर तरी येणार हे उघड होते. थोरला भाऊ शब्द गिळतो म्हणून पहिल्याच दिवशी बाद झाला. त्याने ते मुद्दाम गिळले होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. वयाच्या दहाव्या वर्षी मी मोठ्या उत्साहाने 'अध्यादेश' हा शब्द न अडखळता उच्चारला आणि कायमचा अडकलो.

वाचनाची सुरुवात मथळ्याने होत नसे. आधी वार, तारीख, वर्ष कितवे, अंक कितवा, हे सगळे खड्या आवाजात म्हणायचे. कालचाच पेपर आज आपल्या गळ्यात मारला जात नाही ना, याची आजोबांना रोज खात्री करून घ्यायची असे. मग पहिले पान, तेही अर्धविरामासकट. स्वल्पविरामाला मी थांबलो नाही, तर ते डोळे मिटलेल्या अवस्थेतच म्हणत, "पळू नकोस. तो तिथे उगाच नाही बसवलेला." बातमी ऐन रंगात आली, की 'पान ५ वर पाहा' अशी सूचना येई. त्या आकाराच्या पेपरची पाने दहा वर्षांच्या मुलाच्या हातांनी उलटणे म्हणजे वाऱ्यावर ओली चादर वाळत घालण्यासारखेच असते. त्यातच माझ्यासमोर उभे राहून वडील मागच्या पानावरचा खेळ वाचत असत. मी पान उलटले, की पलीकडून "अरे, थांब, शेवटची दोन षटके राहिली!" अशी आरोळी येई आणि अलीकडून "पुढे वाच" असा हुकूम सुटे. पेपरच्या दोन्ही बाजू एकाच वेळी दोन पिढ्यांनी वाचायच्या आणि मध्ये कागद धरून मी उभा राहायचे, अशी ती व्यवस्था होती.

पुढे वाचनात आले, की हवानातल्या सिगारच्या कारखान्यांत १८६५ पासून असाच एक वाचक बसवत असत. शेकडो कामगार तंबाखूची पाने वळत बसलेले असत, आणि हा उंच जागी बसून त्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवी. त्याचा पगार कामगार आपापल्या मजुरीतून वर्गणी काढून देत. मला ही वर्गणी कधी मिळाली नाही. तिथल्या सरकारने दुसऱ्याच वर्षी या वाचनावर बंदी घातली. इतके कनवाळू सरकार आमच्या घरात कधी सत्तेवर आले नाही.

खरा ताप वाचण्याचा नव्हता, उत्तरांचा होता. 'डेली कूरांट' हे इंग्रजीतले पहिले दैनिक १७०२ साली निघाले, तेव्हा त्याच्या प्रकाशकाने जाहीर केले होते, की आपण बातम्यांवर टीकाटिप्पणी करणार नाही, कारण विचार करण्याइतकी अक्कल लोकांना असते. आजोबांनी ही सोडून दिलेली बाजू एकट्याने सांभाळली होती. प्रत्येक परिच्छेदानंतर ते थेट त्या बातमीतल्या माणसाशी बोलत. कोणा दूरदेशीच्या अर्थमंत्र्याला ते "मी तेव्हाच सांगितले होते" असे सुनावत, आणि तो अर्थमंत्री हजर नसल्यामुळे खाली मान मलाच घालावी लागे. 'टॅटलर'मध्ये १७१० साली अ‍ॅडिसननेच असा एक गृहसजावटीचा दुकानदार रंगवला आहे. तो पहाट होण्यापूर्वी उठून बातम्या गोळा करी. घरात बायकोमुलांचे काय चालले आहे यापेक्षा पोलंडच्या राजाचे कसे होणार याची काळजी त्याला अधिक असे, आणि त्या काळजीत त्याचे दुकान बुडाले. आजोबा निवृत्त होते, त्यामुळे बुडण्यासारखे फक्त माझे गणित उरले होते.

बातम्या संपल्या, की छोट्या जाहिराती. निविदाही सुटत नसत. लंडनच्या 'टाइम्स'ने मे १९६६ पर्यंत आपले पहिले पान जाहिरातींनाच दिले होते, हे आजोबांना ठाऊक असते, तर त्यांनी आमच्या पेपरला मागासलेला ठरवले असते.

एकदा त्यांनी संपादकांना पत्र लिहायचे ठरवले. विषय होता अक्षरांचा बारीक आकार. चार पाने मी लिहून घेतली. त्यात दोनदा 'खेदाने नमूद करावेसे वाटते' होते आणि एकदा 'लाज वाटली पाहिजे' होते. तिसऱ्या आठवड्यात पत्र छापून आले, ते असे: "आपल्या दैनिकाचा मी अनेक वर्षांचा नियमित वाचक आहे." बाकीचे संपादकांनी जागेअभावी गाळले होते. जे उरले होते, ते नेहमीपेक्षाही बारीक टाइपात होते. आजोबांनी ते मला तीनदा वाचायला लावले आणि कात्रण पाकिटात ठेवले. आलेल्या-गेलेल्याला ते दाखवून सांगत, "छापावे लागले त्यांना."

वर्षातून चार-पाच दिवस छापखान्याला सुट्टी असे आणि पेपर येत नसे. १९४५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये पेपर पोहोचवणाऱ्यांचा संप सतरा दिवस चालला. खुद्द महापौर ला गार्डिया रेडिओवरून मुलांना चित्रमालिका वाचून दाखवू लागले. बर्नार्ड बेरेल्सन नावाच्या अभ्यासकाने तेव्हा लोकांना विचारले, की पेपरवाचून तुमचे काय अडले? गंभीर बातम्यांना मुकलो, असे पुष्कळांनी सांगितले. नेमकी कोणती बातमी, हे मात्र त्यांतल्या बऱ्याच जणांना सांगता येईना. आमच्या घरी अडत असे ते स्पष्ट होते. आजोबा सकाळपासून दाराकडे कान लावून बसत आणि कोणाशीच बोलत नसत.

अशाच एका सुट्टीच्या दिवशी माझ्या मनात दया आली, की माझ्यातला आळस जागा झाला, हे आता आठवत नाही. रद्दीच्या गठ्ठ्यातून सहा आठवड्यांपूर्वीचा एक अंक ओढला, आजची तारीख खणखणीत म्हटली, अंकाच्या क्रमांकात अंदाजाने भर घातली आणि वाचू लागलो. पेपर आला म्हणून वडीलही धावत येऊन मागच्या पानासमोर उभे राहिले. तिथल्या सामन्याचा निकाल पाहून त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि काही न बोलता वाचत राहिले. आजोबा मात्र रंगात आले होते. सहा आठवड्यांपूर्वी ज्या मंत्र्याला त्यांनी धारेवर धरले होते, त्याची आज त्यांनी जोरदार बाजू घेतली. अग्रलेख संपला, छोट्या जाहिराती संपल्या, एक हरवलेली पिशवीसुद्धा संपली. मी पेपरची घडी घालून निघालो.

"थांब," ते डोळे मिटूनच म्हणाले. "दुसऱ्या पानावर 'अधिग्रहण' तेव्हाही चुकला होतास."

मग त्यांनी मला तो शब्द पाच वेळा म्हणायला लावला. शेजारच्या खोलीत थोरला भाऊ हसला, ते आम्हा दोघांनाही ऐकू आले.